जोडघर

‘जोडघर’ हा शब्द ज्या कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाला, तो माणूस भरल्या घरातला असणार, यात शंका नाही. साथीचा जोर जरा ओसरला आणि सरकारनं जाहीर केलं की आता प्रत्येक घरानं दुसरं एक घर निवडावं. त्या एका घराशी जाणंयेणं करा, एकत्र जेवा, मनसोक्त गप्पा मारा. बाकीच्या जगाशी बोलायचं ते लांबून आणि तोंड झाकून. दोन्ही घरांनी फोन करून होकार कळवला की झालं जोडघर. एकदा ठरलं की साथ संपेपर्यंत बदल नाही. लोकांनी त्यावर खूप विनोद केले. हे तर लग्नच झालं म्हणाले, फक्त रुसवेफुगवे आधी. हसणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी होतं, म्हणून त्यांना हसू येत होतं.

थोरलेही हसले. त्यांना कसली काळजी? त्यांचं जोडघर सरकारला सुचायच्या कितीतरी आधीपासून ठरलेलं होतं.

थोरले म्हणजे चौकातले फ्रेमवाले. लोकांच्या फोटोंना चौकटी करायच्या, काच बसवायची, मागून पुठ्ठा ठोकायचा, हा त्यांचा धंदा. दुकानाचे मालक तेच, कारागीर तेच आणि झाडू मारणारेही तेच. दुकानावरच्या दोन खोल्यांत ते राहायचे. ‘थोरले’ हे नाव त्यांना पडलं ते धाकट्यांमुळे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचा नवरा म्हणून थोरले आणि धाकटीचा नवरा म्हणून धाकटे. साडवांचं नातं तसं लग्नकार्यापुरतंच असतं. एकमेकांच्या पगाराचा अंदाज घ्यायचा, मिळून सासऱ्यांना नावं ठेवायची आणि आपापल्या घरी जायचं. या दोघांचं मात्र तलावावर जमलं. दर रविवारी सकाळी दोघं गळ टाकायला जायचे, आणि एकाला ताप आला तर दुसराही घरी बसायचा.

स्वभाव म्हणाल तर एक उत्तर, एक दक्षिण. थोरले धीमे. मासा लागला तरी घाई नाही. दोरी सैल सोडायची, ओढायची, पुन्हा सोडायची, आणि मासा हाती आला की बोटानं जबडा उघडून गळ अलगद फिरवून काढायचा. धाकट्यांचा जीव तेवढा वेळ कुठला धरतोय? ते पाण्यापाशीच उजवीकडे असा काही हिसका मारायचे की माशाच्या ओठाला कोपऱ्यापर्यंत चीर जायची. “अहो, मासा काढताय की दाढ?” हा थोरल्यांचा ठरलेला विनोद. धाकटे दर वेळी हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तसाच हिसका मारायचे.

दोन वर्षांमागे थोरली गेली. त्यानंतरच्या रविवारी धाकटे दारात येऊन उभे राहिले आणि “चला” म्हणाले. एवढंच. दोघं तलावावर गेले, गळ टाकून बसले आणि दुपारपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. थोरल्यांच्या मनानं त्या दिवशी एक गोष्ट पक्की धरली. बायको गेली, पण तिच्यामुळे आलेली माणसं गेली नाहीत. आता त्यांचं म्हणावं असं जगात तेवढंच एक घर उरलं होतं: धाकटे, मेहुणी, आणि मेहुणीकडे राहणाऱ्या सासूबाई. मेहुणी ‘भाऊजी’ म्हणायची, सासूबाई ‘जावईबापू’ म्हणायच्या, आणि त्या दोन हाकांवर थोरल्यांचा आठवडा निघायचा.

मग साथ आली आणि सगळ्याला टाळं लागलं. फ्रेमवाला काही जीवनावश्यक नव्हे. थोरल्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि गिऱ्हाइकांनी न नेलेल्या तसबिरी वाळवीच्या भीतीनं वर खोलीत आणून भिंतीला टेकवल्या. टोपी घातलेली कुणाची तरी पदवीधर लेक, एक लठ्ठ नवरदेव आणि त्याची बारीक नवरी, पट्ट्यासकट एक कुत्रा. दिवसभर ही मंडळी थोरल्यांकडे बघत बसायची. थोरले चहा घेताना त्यांना विचारायचे, “घेणार का?” सगळे गिऱ्हाइकासारखेच वागायचे, हो नाही, नाही नाही.

म्हणून जोडघराची बातमी आली तेव्हा थोरल्यांनी त्या दिवशी दाढी केली. आता फोन येईल, मग येईल, असं करत ते वाट बघत राहिले. स्वतः फोन करायला मन घेईना. गळ टाकणाऱ्या माणसानं कुणाला गळ घालू नये, असं त्यांचं आपलं एक तत्त्व होतं. शेवटी तत्त्व गेलं खड्ड्यात आणि त्यांनी धाकट्यांना फोन लावला.

“अहो, मीच करणार होतो,” धाकटे म्हणाले. “आमचा खोक्यांचा कारखाना चालू आहे ना! रोज कामावर जाणाऱ्यांना इतक्यात जोडघर घेता येत नाही. नियमच आहे तसा. सूट मिळाली की पहिला फोन तुम्हाला.”

“आणि तलाव?”

“तलावाचं नाव काढू नका. फाटकाला हे एवढं कुलूप. पहारेकरी काठी घेऊन बसलाय. आम्हालाही रस्त्यावरनंच पाणी बघावं लागतं.”

थोरल्यांना जरासुद्धा शंका आली नाही. नियम सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, अशी तऱ्हा होती. त्या दिवसांत कुणी सांगितलं असतं की डावखुऱ्यांनी मंगळवारी शिंकायचं नाही, तर तेही लोकांनी ऐकलं असतं. आणि सांगणारा धाकटे! त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या हातावर घेण्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात समोरच्या खिडकीतून बँडवाल्यानं हाक मारली. लग्नात ट्रंपेट वाजवणारा हा गृहस्थ एकटाच राहायचा. “फ्रेमवाले, तुम्हीही एकटे, मीही एकटा. करून टाकू का जोडघर? मी वाजवणार नाही, वचन देतो.”

“माझं ठरलंय हो,” थोरले अभिमानानं म्हणाले. “साडूकडे.”

“मग काय, भाग्यवान आहात,” बँडवाला म्हणाला, आणि त्यानं आपल्या भाच्याच्या घराशी जोडघर केलं. थोरल्यांच्या ओळखीत आता कुणाचं घर बिनजोडीचं उरलं नाही. पण धाकटे आहेत म्हटल्यावर त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

सूट काही मिळेना. फोन लावला की धाकटे घाईत असायचे. थोरले कुत्र्याच्या तसबिरीची काच पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

एका शनिवारी पाववाल्यानं दारावर टकटक केली आणि पिशवी उंबऱ्यावर ठेवून मागे सरकला. “तुमच्या मेहुणीनं पाठवलंय. म्हणाल्या, डोकं काढलेलं नाही, भाऊजींना डोकं आवडतं.”

पिशवीत कागदात गुंडाळलेला मासा होता. चांगला हातभर लांब, ताजा, डोळे अजून चकचकीत. थोरल्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या दिवसांत कुणी त्यांच्यासाठी काही पाठवलं नव्हतं, आणि त्यांना काय आवडतं हे तर थोरलीनंतर कुणी ध्यानातच ठेवलं नव्हतं. त्यांनी फळी काढली, सुरीला धार लावली, तसबिरीतल्या नवरदेवाला “आज मजा आहे बुवा आमची” असंही म्हणाले, आणि डोकं कापायला मासा आडवा धरला.

ओठाच्या उजव्या कोपऱ्याला चीर होती.

थोरल्यांची सुरी तशीच राहिली. त्यांनी मासा खिडकीपाशी नेला. खवले जागच्या जागी होते, कल्ल्याशी कुठं घासलेलं नव्हतं. म्हणजे हा जाळ्यातला नव्हे, बाजारातला नव्हे. गळानं धरलेला होता. आणि उजवीकडे ओठ असा फाडून मासा काढणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता. वर्षानुवर्षं ज्याची थट्टा केली, तो हिसका ते अंधारातही ओळखतील.

तलाव उघडला होता. धाकटे जात होते. आणि रोज कामावर जाणाऱ्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की मेहुणी माशाचं डोकं न कापता पाठवणार आहे.

मेहुणीला कळणंही शक्य नव्हतं. तिच्या लेखी ते डोकं म्हणजे डोकं. थोरल्यांनी हात धुतले आणि तिला फोन लावला.

“मिळाला का मासा भाऊजी?” ती म्हणाली.

“मिळाला. कुठनं आणलास?”

“बाजारातनं हो. आणखी कुठनं?”

“गळाचा आहे तो.”

मग मेहुणी एकदम मोठ्यानं बोलायला लागली, जणू फोन खराब झाला होता. “काय करणार भाऊजी? जोडघर तुम्हीच नको म्हणालात ना! आईला किती वाईट वाटलं. आता साथीची भीती वाटते म्हटल्यावर आम्ही तरी कसा आग्रह करायचा? काळजी घ्या हं, ठेवते.”

थोरले फोनकडे बघत राहिले. मी नको म्हणालो? मी? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे धाकट्यांनी इकडे नियमाची थाप मारली होती आणि तिकडे बायकोला सांगितलं होतं की थोरलेच घाबरले. बिचारी मेहुणी! तिला काय माहीत? फोनवर सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी स्वतःला आवरलं. आधी धाकट्यांच्या तोंडून ऐकायचं, मग बघू. मासा त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला. खायची वासनाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी एकट्यानं फिरायला जायची सगळ्यांनाच मुभा होती. थोरल्यांनी मास्क लावला आणि तलावाचा रस्ता धरला. फाटक सताड उघडं होतं. शेजारी पाटी होती: मासेमारीस परवानगी, जोडघरातील दोघांपुरती. पाटीवरचा रंग वाळून धूळही बसली होती. थोरल्यांनी ती दोनदा वाचली, जशी एखाद्यानं स्वतःवरची तक्रार वाचावी.

पाण्याच्या वळणावर, जिथं वर्षानुवर्षं थोरले बसत आले होते, तिथं एक गोरागोमटा, पोट सुटलेला माणूस बसला होता. हातात कोरी करकरीत काठी, डोक्यावर कोरी टोपी. बसायला घेतलं होतं ते घडीचं स्टूल मात्र जुनं होतं. थोरल्यांनी ते फ्रेमच्या उरलेल्या लाकडातून स्वतःच्या हातानं केलं होतं आणि दर वेळी वागवायला नको म्हणून धाकट्यांच्या घरी ठेवलं होतं. शेजारी धाकटे उकिडवे बसून त्या माणसाच्या गळाला आमिष लावून देत होते. इतक्या प्रेमानं त्यांनी कधी स्वतःच्या गळालाही लावलं नसेल.

“हलकेच साहेब, हलकेच,” धाकटे सांगत होते. “मासा लागला तरी घाई करायची नाही. दोरी सैल सोडायची.”

थोरल्यांची सगळी विद्या ते दुसऱ्याला वाटत होते.

पावलं वाजली तशी धाकट्यांनी मान वर केली. त्यांचे डोळे एकदम बारीक झाले.

“अरे वा,” साहेब म्हणाले, “हे कोण?”

थोरले थांबले. आता धाकटे म्हणतील, माझे साडू. एवढं म्हणाले असते तरी थोरल्यांचा अर्धा राग उतरला असता. माणूस खोटं बोलला, पण नातं तरी सांभाळलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली असती. धाकट्यांनी हात झटकले.

“हे? आमच्या ओळखीचे आहेत,” ते म्हणाले. “फ्रेमवाले. छान चौकटी करतात.”

“मग एक चौकट करून घ्यायला हवी,” साहेब हसून म्हणाले. “पहिल्या माशाबरोबरच्या फोटोला.”

तेवढ्यात काठी आपटत पहारेकरी आला. “तिघं? तिघांना नाही परवानगी. जोडघर कुणाचं कुणाशी?”

“माझं आणि साहेबांचं,” धाकटे चटकन म्हणाले. “आमच्या दोन्ही घरांनी कळवलंय.”

“आणि हे?”

“यांचा आमच्याशी संबंध नाही. चाललेच होते ते.”

थोरल्यांना तोंड होतं, जीभही होती. पण संबंध नाही म्हणणाऱ्याच्या तोंडावर संबंध कसा सिद्ध करायचा? थोरली असती तर तिचं नाव घेतलं असतं. पहारेकऱ्यानं काठीनं फाटक दाखवलं आणि ते मुकाट्यानं निघाले.

धाकटे मागोमाग आले, साहेबांना ऐकू जाणार नाही इतके लांब आल्यावर म्हणाले, “थांबा हो जरा. रागावू नका.”

“रागावू नको? थापा मारल्यास मला. लहान मुलाला मारतात तशा.” थोरले आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे करत होते.

“माणसं कमी करतायत कारखान्यात. रोज कुणाला तरी घरी पाठवतात. साहेब बायकोमुलांसकट नवे आलेत गावात, कुणाची ओळख नाही. मासे धरायची हौस. म्हणाले, जोडघर करू. नाही म्हणू? नोकरी गेली तर आईंना, बायकोला काय घालू?”

“मग हेच मला सांगायचंस. मी नाही म्हटलं असतं का? मीच म्हणालो असतो, कर बाबा.”

धाकटे मागे वळून साहेबांकडे बघायला लागले. कारण ते खरं होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

“उलट मीच नको म्हणालो असं बायकोला सांगितलंस! तिनं ते खरं मानलं.”

“तिनं?” धाकट्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. “अहो, तिनंच तर सुचवलं ते. आई ऐकेनात. थोरल्या जावयाला सोडून परक्याचं घर कसं घेता, म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. मग ही म्हणाली, भाऊजीच नको म्हणाले असं सांगू, म्हणजे आई गप्प बसेल. काल तुमचा फोन आला तेव्हा आई शेजारीच होत्या.”

म्हणून आवाज चढला होता. थोरल्यांना वाटलेलं फोन खराब आहे.

ते घरी कसे पोचले, रस्त्यात कोण भेटलं, त्यांना काही कळलं नाही. धाकट्यांनी केसानं गळा कापला, ते एक वेळ सहन झालं असतं. पुरुषमाणूस नोकरीपुढे लाचार होतो. पण मेहुणी? जिच्या आजारपणात थोरल्यांनी रोज डबा भरून पोचवला, ती? आणि वर मासा पाठवला, डोक्यासकट! तो मासा प्रेमानं पाठवला होता की टोचणी लागली म्हणून, हे आता त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांनी तो कागदासकट कचऱ्यात टाकला आणि मग पाटावर बसून ढसाढसा रडले. तसबिरीतली मंडळी बघत होती. बघोत.

रडून झाल्यावर डोकं जरा थाऱ्यावर आलं. सगळं गेलेलं नव्हतं. एक माणूस होतं, जे त्यांच्यासाठी दोन दिवस जेवलं नव्हतं. त्या माणसाला खरं कळायलाच हवं. जोडघर मिळो न मिळो, निदान त्या घरात एकाला तरी माहीत असावं की थोरल्यांनी त्यांना टाकलेलं नाही. बस, एवढंच हवं होतं त्यांना.

धाकटे तलावावर, आणि मेहुणी या वेळेला भाजीच्या रांगेत. थोरल्यांनी धाकट्यांच्या घरच्या फोनचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजल्यावर सासूबाईंनी उचलला.

“आई, मी बोलतोय.”

“जावईबापू!” सासूबाईंचा आवाज थरथरला. “आज आठवण झाली का? इतकी का हो भीती घेतलीत आमची? आम्ही काय खातो तुम्हाला? लेक गेली, वाटलं जावई तरी आहे…”

“आई, ऐका. मी नको म्हणालो नव्हतो.”

“अं?”

“मला कुणी विचारलंच नाही. मी रोज वाट बघत होतो फोनची. दुसऱ्यानं विचारलं तर त्यालाही नाही म्हटलं, माझं घर आहे म्हणून. आत्ता तलावावर जाऊन आलो. धाकटे तिथं त्यांच्या साहेबांना घेऊन बसलेत. मी नको म्हणालो असं तुम्हाला खोटंच सांगितलं दोघांनी मिळून. त्यांनी स्वतः कबूल केलं माझ्याजवळ. मी तुम्हाला सोडलेलं नाही, आई.”

पलीकडून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, अडकत अडकत. रडतायत, थोरल्यांना वाटलं, आता त्या म्हणतील, या तुम्ही, आत्ताच्या आत्ता या, बघते कोण अडवतो. त्यांनी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.

दार वाजल्याचा आवाज आला. मेहुणीनं लांबून विचारलं, “कुणाचा गं फोन, आई?”

“कुणाचा नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, भराभर, हळू आवाजात त्या बोलल्या. “हे बघा, माझ्या जावयाबद्दल असलं वेडंवाकडं पुन्हा माझ्या कानावर घालू नका. मला याच घरात राहायचंय.”

आणि त्यांनी फोन ठेवला.